पडद्यावरचा लाल फ्रॉक

काल ऑफिसमधून चालत येताना खराडीच्या कोपऱ्यावर मटारचा टेम्पो दिसला. शेंगांचा हिरवागार ढीग, त्यावर नुकतंच पाणी मारलेलं, आणि टेम्पोवाला “घ्या ताई, चाखून बघा, साखर आहे” म्हणत येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात एकेक शेंग कोंबत होता. मी चाखली आणि पाच किलो घेतले. घरी आल्यावर नवऱ्याने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सोललेले मिळतात,” तो म्हणाला. हे तो दर वर्षी म्हणतो. मी दर वर्षी ऐकून घेते आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरते.

शेंग अंगठ्याने दाबली की बारीकसा फट् आवाज होतो आणि मागोमाग तो ओला, कच्चा वास येतो. त्या वासाबरोबर मला बिबवेवाडीतला दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट दिसायला लागतो. तिथली खिडकी, खिडकीशी धरलेल्या काळसर काचा, आणि स्टुलावर बसून मान वाकडी करून माझ्याकडे बघणाऱ्या इंदूताई. मान वाकडी करायच्या, कारण समोरचं त्यांना दिसत नसे. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. मधलं सगळं पुसून टाकल्यासारखं आणि कडेकडेचं तेवढं शाबूत. येत्या उन्हाळ्यापर्यंत आहे तेही कमी होईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. “पडदे रंगवणाऱ्याची मुलगी आणि पडदाच खराब निघाला,” असं त्या आल्यागेल्याला सांगत. हसायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं.

मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट होते. यवतमाळहून येऊन दीड वर्ष झालं होतं आणि खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांची यादी करून पाठवायची. चुका काढण्याचा पगार मिळतो हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. “मग लग्नानंतर फार वरची पोस्ट मिळेल तुला,” असं ती म्हणाली होती. खराडीत तेव्हा काचेच्या इमारती आणि ज्वारीची शेतं एकमेकांना खेटून उभी होती. कंपनीच्या बसमधून उतरलं की एका बाजूला सुरक्षारक्षक कार्ड बघायचा आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी गोफण घेऊन पाखरं हाकत असायचं.

इंदूताई निवृत्त विज्ञानशिक्षिका. एकट्या राहत. पहिल्या दिवशी मी कशाला तरी “काहून?” म्हणाले, तर त्या म्हणाल्या, “‘का’ म्हण. दोन अक्षरं वाचतील.” दुसऱ्या दिवशी मी “आज पाणी गेलंय” म्हटलं. त्यांनी मला थांबवलं. “नळाला पाणी येत नाही, एवढंच तू पाहिलंस. ते निरीक्षण. पाणी गेलंय, हे तुझं अनुमान. मोरीतला कॉक बघून ये.” कॉक बंद होता. सकाळी मीच बंद केला होता. शाळेच्या प्रयोगवहीतले ते दोन रकाने त्या बाईंनी आयुष्यभर सोडले नाहीत. भाजीवाल्यालासुद्धा त्या “ताजी आहे हे अनुमान, देठ दाखव” असं ऐकवत. मला आधी त्यांचा राग येई, मग गंमत वाटायला लागली, आणि शेवटी सवय लागली.

त्यांचे वडील, अण्णा, पडदे रंगवत. नाटकांचे थोडे, फोटो स्टुडिओंचे जास्त. जुन्या फोटोंत आजी-आजोबांच्या मागे जो महाल दिसतो, संगमरवरी जिना दिसतो, कमान आणि कुंडी दिसते, ते सगळं कापडावर रंगवलेलं असे. आपले आजोबा कधी महालात गेले नव्हते हे आपल्याला माहीत असतं, तरी आपण तो महाल कुणी काढला हे विचारत नाही. त्यावर सही नसायची. सही केली तर ती प्रत्येक फोटोत येणार, आणि ते स्टुडिओवाल्याला कसं चालेल? इंदूताई नऊ वर्षांच्या असताना अण्णा गेले. त्यांच्या हातचं घरात काहीही उरलं नाही. एक ब्रशसुद्धा नाही.

उरली होती ती एक आठवण. इंदूताई पाच वर्षांच्या असताना एका रविवारी अण्णा त्यांना सायकलवरून कात्रजच्या तलावावर घेऊन गेले. त्या पुढच्या दांड्यावर आणि थोरला भाऊ, त्यांचा दादा, मागे कॅरिअरवर. अण्णांनी इंदूला पायरीवर बसवलं आणि दुपारभर वहीत चित्र काढलं. तिच्या अंगात लाल फ्रॉक होता. पुढे महिन्याभराने ते तिला म्हणाले, “तुला पडद्यात बसवलंय बरं का. आता पुण्यातली नवी जोडपी तुझ्यापुढे येऊन उभी राहणार.” एकदा तिला स्टुडिओत नेऊन दाखवलंही. तलाव, डोंगर, पायऱ्या आणि पायरीवर लाल फ्रॉकमधली ती.

“कुठे आहे आता तो पडदा?” मी विचारलं होतं.

“दादा म्हणतो, नव्हताच.”

दादा कोथरूडला असत. दर रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन येई, आणि इंदूताई तो स्पीकरवर लावत, कारण हात दुसऱ्या कामात असत. त्यामुळे त्यांचं भांडण मला पाठ झालं होतं. “इंदूला लहानपणापासून रचून सांगायची खोड आहे,” दादा म्हणत. “अगं, फोटो काळापांढरा. त्यात रंग कोण फुकट घालवेल? अण्णा स्टुडिओचे पडदे काळ्या-पांढऱ्या-करड्यातच रंगवायचे. लाल रंगाची डबीच नव्हती आपल्या घरात. डब्या मी धुवायचो, तू नाही. तलावावर गेलो होतो, मान्य. पडद्यावर महाल होता.” त्यांचं म्हणणं बिनतोड होतं, हेच तर दुखणं होतं. इंदूताई विज्ञानाच्या बाई. पुरावा नसताना स्वतःचीच बाजू घेणं त्यांना जमत नव्हतं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ टेबल पुसत राहत.

एका रविवारी पुसता पुसता त्या मला म्हणाल्या, “दिसतंय तोवर एकदा बघायचंय मला. नसेल, तर नाही हेसुद्धा बघायचंय.” इतकं सरळ काही मागताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मला भरून आलं आणि ते लपवायला मी म्हणाले, “शोधू की. चुका शोधायचाच पगार घेते मी.”

दिवाळी झाली आणि आमच्या शनिवार-रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. जुने स्टुडिओ बहुतेक कलर लॅब झाले होते. काउंटरवर मोबाइलचं रिचार्ज, मागे पासपोर्ट फोटोसाठी निळं कापड. एका ठिकाणी मी जुन्या निगेटिव्हबद्दल विचारलं, तर तिथले गृहस्थ वर न बघता म्हणाले, “मॅडम, आम्ही मागच्या आठवड्यातले ठेवत नाही.” इंदूताईंनी ओळखीपाळखीत फोन लावले. लोक कौतुकाने लग्नाचे फोटो काढून दाखवत आणि आम्ही दोघी मागचं बघत बसायचो. सहकारनगरच्या एका आजोबांनी चहा दिला, अल्बम उघडला, म्हणाले, “ही माझी मिसेस. गेल्या वर्षी गेली.” मी म्हणाले, “हो, पण हा मागचा खांब...” मी जीभ चावली. आजोबा मात्र चष्मा पुसून खांब बघायला लागले. “साठ वर्षांत लक्षातच आला नाही हो,” ते म्हणाले.

हे काम असंच असतं, हे मला हळूहळू कळत गेलं. पडद्याची खालची कड गालिच्याखाली कशी दडवलीय, रंगवलेल्या कुंडीची सावली एका बाजूला आणि खऱ्या माणसाची दुसऱ्या बाजूला कशी पडलीय, एकच महाल दोन वेगळ्या स्टुडिओंत कसा फिरला, हे सगळं डोळ्यांना सापडायला लागलं की सोडवत नाही. ऑफिसमध्ये डबा खाताना मैत्रीण म्हणायची, “तू सीरियसली वीकेंडला लोकांच्या आजोबांचे फोटो बघत फिरतेस? गेट अ लाइफ यार.” मी तिला काय सांगणार? मला त्या दिवसांत फार बरं वाटत होतं. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होते.

शेवटी एका फोटोच्या पाठीवर रबरी शिक्का मिळाला. नदीकाठच्या पेठेतला पत्ता. इंदूताईंनी तो वाचून घेतला आणि “हाच,” म्हणाल्या. तो स्टुडिओ कधीच मोडला होता. मालकांचे चिरंजीव मोहनशेठ आता मार्केट यार्डात भाजीच्या अडतीच्या गाळ्यावर बसतात, एवढा धागा लागला.

आम्ही गेलो तो ऐन मटारच्या आवकेचा दिवस होता. गाळ्यापासून रस्त्यापर्यंत नुसत्या शेंगा, हमालांच्या पाठीवर शेंगांची पोती, चपलांखाली शेंगा. मोहनशेठनी आम्हाला दोन उलट्या क्रेटवर बसवलं. पडद्याचं विचारल्यावर ते हसले.

“कोणता, तलावाचा?” ते म्हणाले.

इंदूताईंनी माझं मनगट धरलं. तलाव होता तर! दादांच्या महालाला पहिला तडा तिथे गेला.

“पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुरात बुडाला होता तो. वाळत घातला तर नुसतं कापड उरलं. चित्र सगळं नदीला. मग वडिलांनी पोती झाकायला घेतला. दहा-बारा वर्षं चालला.”

“पायरीवर एक मुलगी होती का? लाल फ्रॉक?” मी विचारलं.

“ते काय आठवत नाही बुवा. मी लहान. पुराआधी मी बघितला तेव्हाच काजळीने काळा झाला होता.”

 “कापड चांगलं निवडायचे अण्णा,” इंदूताई म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या मनगटावर तसाच होता.

पण काचा वाचल्या होत्या. तेव्हा निगेटिव्ह काचेवर असे आणि मोहनशेठच्या वडिलांनी त्या माळ्यावर ठेवल्या होत्या. सफरचंदाच्या एका लाकडी पेटीत, कागदाच्या कपट्यांत रचलेल्या अडतीस काचा. “न्या. आम्हाला काय करायच्यात? हात सांभाळा फक्त,” ते म्हणाले. “आणि एक सांगतो. वडिलांनी स्टुडिओत जमिनीत खिळा मारला होता. नवरदेवाचा पाय त्या खिळ्यावर. म्हणजे कॅमेरा हलवायला नको. सगळी जोडपी एकाच जागी दिसतील तुम्हाला.” रिक्षात पेटी हलू नये म्हणून त्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना मटारची छोटी पोती दिली. पैसे घेतले नाहीत. त्या पोत्यांनी आमचा पुढचा महिना हिरवा केला. उसळ, पॅटिस, मटारभात, करंज्या, आणि सोलणं, सोलणं, सोलणं.

“मटार सोलताना हात गुंततात, डोळे मोकळे राहतात,” इंदूताई म्हणाल्या. “तुझे डोळे मला दे.”

पद्धत अशी ठरली. मी एकेक काच खिडकीशी उजेडात धरायची, पहिल्या बोनसमधून घेतलेल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने तिचा फोटो काढायचा, आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं करायचं. काचेची एक बाजू चकचकीत असे, दुसरी मंद. चकचकीत बाजूत माझंच तोंड दिसे, म्हणून मी मंद बाजू कॅमेऱ्याकडे धरायची. मग मोठ्या कागदावर प्रिंट काढायची. इंदूताई स्टुलावर बसून मटार सोलत ऐकत, आणि मी सांगत जायची. त्यांनी एक शंभर पानी वही दिली होती. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे निरीक्षण, उजवीकडे अनुमान. “दिसतं ते डावीकडे. वाटतं ते उजवीकडे. गल्लत करू नकोस,” एवढीच सूचना.

महालच महाल निघाले. मी सांगत होते आणि इंदूताईंचे हात संथ चालले होते. अडतिसांतल्या तीनच काचांवर पाणी आणि डोंगर होता. त्यातल्या दोन ओलीने इतक्या पोपडलेल्या की माणसांच्या तोंडापलीकडे काही उरलं नव्हतं. तिसरी स्वच्छ होती. एक नवरा, एक नवरी, मागे तलाव.

“डोंगर कुठून कुठे उतरतो?” त्यांनी विचारलं.

“उजवीकडे उंच. डावीकडे उतरत जातो.”

“नीट बघ.”

“नीट बघूनच सांगतेय.”

त्यांनी शेंग ताटलीत ठेवली. “मग तो नाही. आमचा डोंगर डावीकडे उंच होता. मला तो पक्का आठवतो, कारण सूर्य त्याच्यामागे जाईपर्यंत मला हलायची परवानगी नव्हती. हा कुठल्यातरी दुसऱ्याच तळ्याचा पडदा. मोहनशेठना तोच आठवत असेल.” मी वहीत लिहिलं. डोंगराचा उतार उलट. नवरदेवाच्या कोपराशी काळा डाग, काच खराब. आणि तो प्रिंट नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात टाकला.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्या हंगामात जास्त आठवतात, का ते सांगता येत नाही. थंडी कडक होती. सकाळी बसला जाताना तोंडातून वाफ निघायची. इंदूताई दादांशी फोनवर हवापाण्याचंच बोलत. पडद्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि दादांनीही नाही. एके दिवशी त्यांनी चहा कपात न ओतता कपाशेजारी ओतला. मी फडकं आणायला उठले तर म्हणाल्या, “चहा टेबलावर आहे, हे निरीक्षण. त्यावरून अनुमान काढू नकोस.” मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

हल्ली माझ्या निम्म्या मीटिंग घरातूनच होतात. लोक स्वतःच्या मागे खोटे समुद्रकिनारे लावतात, पुस्तकांची कपाटं लावतात. आमच्यातला एक जण कायम बर्फाच्या डोंगरापुढे बसतो आणि राहतो वाघोलीला. पडद्यांचा धंदा पुन्हा जोरात आहे म्हणायचा. मी एकदा त्याला विचारलं, हा डोंगर कुठला? तो म्हणाला, “मॅडम, डिफॉल्ट आहे.” इंदूताई असत्या तर त्यांनी त्याला वही घ्यायला लावली असती. त्या गेल्या, दादाही गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे. मटारच्या दिवसांत मी ती एकदा कपाटातून काढते.

तर त्या जानेवारीतला एक रविवार. पोळ्यांना पारूबाई आल्या होत्या. पारूबाई कात्रजच्या वरच्या अंगाच्या. त्यांचं गाव पालिकेत आलं, जमिनी बिल्डरला गेल्या, घरात दोन गाड्या आल्या. तरी त्या बिबवेवाडीत पोळ्या करायला यायच्या. “घरी बसून काय भिती बघू?” असं म्हणायच्या. पोळ्या झाल्यावर त्या आमच्यात मटार सोलायला बसल्या आणि सालं ठेवायला त्यांनी गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला. तोच तो तलावाचा प्रिंट होता.

त्यांनी कागद जरा लांब धरला. “ही कोन म्हनायची?”

“माहीत नाही हो,” मी म्हणाले. “कुणीतरी नवरी.”

“मंग हिनं नथ उजव्या नाकात का घातलीया?”

मी शेंग सोलत होते. हात तिथेच थांबला.

“अशी कुनी घालतं व्हय?” पारूबाई म्हणाल्या. “डाव्या नाकात असती नथ. आन् ह्या बाप्याचं कोटाचं बटन बी उलटं हाय. सगळंच उलटं हाय हिचं.”

सगळंच उलटं होतं. माझंच तोंड दिसू नये म्हणून मी अडतीसच्या अडतीस काचा चुकीच्या बाजूने धरल्या होत्या. महिनाभर आम्ही दोघी पाणी, डोंगर, खांब बघत होतो आणि नवरीकडे एकदाही बघितलं नव्हतं. चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या बाईची ही गत. मी धावत जाऊन कॉम्प्युटरवर चित्र फिरवलं, प्रिंट काढला आणि पारूबाईंच्या हातात दिला.

“ह्यो तर आमचा तलाव,” त्या लगेच म्हणाल्या. “बांधावरनं असाच दिसतो डोंगर. आता फुडं इमारती झाल्यात, पन डोंगर त्योच हाय.”

इंदूताई उठून उभ्या राहिल्या. मांडीवरचे मटार खोलीभर घरंगळले. “डाग,” त्या म्हणाल्या. “नवरदेवाच्या कोपराशी डाग आहे म्हणाली होतीस. बघ.”

मी भिंग आणलं आणि खिडकीत गेले.  “पायरी आहे. पायरीवर दोन पाय आहेत. लहान मुलाचे. अनवाणी. केसांना रिबीन. चेहरा पाण्याकडे आहे, दिसत नाही. नवरदेवाच्या कोपराने एक खांदा झाकलाय.”

“फ्रॉक?”

 मला ‘लाल’ म्हणायचं होतं. काळ्यापांढऱ्या कागदावर लाल कुठून आणू?

“काळा आहे,” मी म्हणाले.

इंदूताई खाली बसल्या. “संक्रांत असेल,” त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या.  पारूबाई गुडघ्यांवर रांगत मटार गोळा करत होत्या. मला दादांचा आवाज ऐकू येत होता. काळ्या-पांढऱ्या-करड्यातच रंगवायचे. मुलगी खरी, तलाव खरा, आणि लाल फ्रॉक मात्र रचलेला. इंदूताईंना सगळ्यात जास्त हवा होता तो फ्रॉकच.

“काळ्यात चुण्या आहेत का?” त्यांनी अचानक विचारलं.

“नाही. सपाट काळा आहे.”

“पायऱ्यांना सावल्या आहेत?”

“आहेत. एकेक दगडाला आहे.”

“दगडाला सावली काढणारा माणूस मुलीच्या फ्रॉकला चुण्या काढणार नाही?” त्या पुढे वाकल्या. “नवरीचं कुंकू बघ. कसं आहे?”

मी भिंग सरकवलं. “काळं. सपाट काळं.”

“कुंकू काळं असतं का गं?”

पारूबाईंनी वर पाहिलं. “इश्श. काळं कुकू कोन लावंल?”

“जुन्या काचेला लाल दिसत नसे,” इंदूताई म्हणाल्या. त्यांचा वर्गातला आवाज परत आला होता. “लाल तिला काळंच. कुंकू काळं उतरतं, तसाच फ्रॉक काळा उतरला. चुण्या लाल रंगातच राहिल्या. करड्यात रंगवला असता तर सगळ्या चुण्या दिसल्या असत्या.”

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. नवरीच्या कपाळावर आणि त्या पायरीवर, एकच काळा. फोटोत दिसणार नाही हे अण्णांना पक्कं माहीत होतं. मालक ओरडला असता. डबी वेगळी विकत आणावी लागली असेल. तरी त्या माणसाने मुलीचा फ्रॉक लाल रंगवला, कारण तो लाल होता. इंदूताई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या, आणि मी पण. त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि ‘काच खराब’ हे तू निरीक्षणात लिहिलंस. ते अनुमान होतं.”

“हो,” मी म्हणाले. “चुकलं.”

नऊ कधीच वाजून गेले होते. दादांचा फोन येऊन गेला होता आणि आम्हाला ऐकू आला नव्हता. इंदूताईंनी मला नंबर लावायला सांगितलं. स्पीकरवर दादांचं “हॅलो” आलं आणि इंदूताईंनी एका दमात सगळं सांगितलं. तलाव, डोंगर, नथ, फ्रॉक, कुंकू. मी दादांच्या हरकतीची वाट बघत होते. ती आली नाही. पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

“मग डबी आणली असेल त्यांनी,” दादा शेवटी म्हणाले. “मला न सांगता.”

“आणली असेल.”

 मग पंच्याहत्तरीच्या आसपासचा तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, “इंदू, मी पण आलो होतो गं त्या दिवशी. दिवसभर बसलो होतो. मी आहे का त्यात?”

इंदूताईंनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. मी भिंग उचललं. इंदूच्या शेजारची पायरी जिथे असायला हवी तिथे, खिळ्यावर पाय ठेवून, कोट घालून नवरदेव उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. मी ‘नाही’ अशी मान हलवली. कडेचं तेवढं दिसणाऱ्या त्या डोळ्यांना माझी मान नक्की दिसली.

“आहेस ना,” इंदूताई म्हणाल्या. “माझ्या शेजारीच आहेस. नवरदेव मधे आलाय मेला, म्हणून झाकला गेलायस. पण टोपीचं टोक दिसतंय तुझ्या.”

“काळी टोपी?”

“काळीच.”

“हां,” दादा म्हणाले. “ती होती माझ्याकडे.” मग घसा खाकरून त्यांनी थंडीबद्दल काहीतरी विचारलं, इंदूताईंनी काहीतरी उत्तर दिलं, आणि फोन ठेवला.

पारूबाई सालांची पिशवी घेऊन निघून गेल्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं. इंदूताईंनी चाचपडत मटारची परात जवळ ओढली.

“वहीत लिहून टाक,” त्या म्हणाल्या. “टोपीचं.”

मी वही उघडली, पेन घेतलं आणि त्या उभ्या रेघेपाशी थांबले. “कुठे लिहू?”

त्यांनी एक शेंग फोडली, अंगठ्याने दाणे परातीत ओघळू दिले.

“निरीक्षणात,” त्या म्हणाल्या.

मी निरीक्षणात लिहिलं.